अकराशे पेपरवाले सर आणि नव्वदवाल्या बाई

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते. तुमची भाची एम.एस्सी. संपवून कणभौतिकीत पीएच.डी. करण्यासाठी मार्गदर्शक शोधते आहे. यादीत दोन नावं उरली आहेत. एक सर प्रयोगाच्या बाजूचे, त्यांच्या नावावर अकराशेवर पेपर आणि एच-इंडेक्स (पेपर किती उद्धृत होतात याचं एक माप) दीडशेच्या घरात. दुसऱ्या बाई थिअरीतल्या, पेपर नव्वद, एच-इंडेक्स तीस. घरच्यांनी एकमुखाने सरांना कौल दिला आणि भाची बाईंचं नाव धरून बसली आहे. एवढा फरक असताना विचारायचं तरी काय, असं तुम्ही लिहिलंत. जाता जाता हेही विचारलंत, की रोहिणी गोडबोले यांच्यासारख्या नावाजलेल्या शास्त्रज्ञांचं मोठेपण या आकड्यांत दिसतं का.

मी तीस वर्षं या धंद्यात आहे, प्रयोगाच्या बाजूला. माझ्याही नावावर कित्येक शे पेपर आहेत. त्यातले पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचलेले किती, असं कुणी विचारलं तर मी चहा मागवते.

अकराशे आणि नव्वद हे एका मापाचे आकडेच नाहीत. एक पायलीने मोजलाय, दुसरा तोळ्याने. (तोळ्याने मोजलेलं सगळं सोनंच असतं असंही नाही, ते पुढे येईल.)

एक पेपर समोर घेऊ. २०१५ साली फिजिकल रिव्ह्यू लेटर्समध्ये तो छापून आला. जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेतल्या एलएचसी या कण आदळवणाऱ्या यंत्रावरच्या ॲटलास आणि सीएमएस या दोन प्रयोगांनी आपापली मोजमापं एकत्र करून हिग्ज कणाचं वस्तुमान काढलं: १२५.०९ जीईव्ही (कणांची ऊर्जा आणि वस्तुमान मोजायचं एकक), मागेपुढे ०.२४. पेपर ३३ पानांचा. त्यातलं भौतिकशास्त्र, संदर्भसूची धरून, पहिल्या नऊ पानांत संपतं. उरलेली २४ पानं नुसती नावं आणि संस्था. लेखक ५,१५४. आपल्याकडच्या लग्नपत्रिकेत मजकूर चार ओळींचा आणि खाली 'आपले नम्र' म्हणून दोन्ही घरांची वंशावळ असते, तसंच काहीसं.

हसू येतं, पण यात लबाडी नाही. असा डिटेक्टर, म्हणजे टकरींतून निघणारे कण टिपणारं अवाढव्य उपकरण, उभा करायला वीस-वीस वर्षं लागतात. कुणी चुंबक बांधतं, कुणी सिलिकॉनच्या पट्ट्या तपासतं, कुणी दर सेकंदाला कोट्यवधी टकरींतून कुठल्या ठेवायच्या हे ठरवणारी ट्रिगरची यंत्रणा लिहितं. सीएमएसच्या बाहेरच्या हॅड्रॉन कॅलरीमीटरचं, म्हणजे कणांची ऊर्जा मोजणाऱ्या एका थराचं, काम आपल्या भारतीय गटाकडे होतं, मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था (टीआयएफआर) त्यात पुढे. ते बसवणाऱ्यांपैकी कित्येकांनी विश्लेषणाची एक ओळही लिहिली नाही, पण ते नसते तर विश्लेषण कशाचं करणार होतो? म्हणून नियम असा, की ठरलेलं सेवाकाम साधारण वर्षभर केलं की नाव लेखकांच्या यादीत चढतं, आणि चढलं की प्रयोगाच्या प्रत्येक पेपरवर येतं. सीएमएसने २०२० मध्येच हजाराचा टप्पा ओलांडला. तेव्हा सरांचे अकराशे पेपर हा मुख्यतः त्यांच्या प्रयोगाचा आकडा आहे. त्यांच्यासोबत सुरुवातीपासून असलेल्या शेकडो जणांचा आकडा जवळपास तोच निघेल, कुणाकुणाचा तर शेवटच्या दोन अंकांपर्यंत.

पहिलं नाव कुणाचं, यालाही इथे अर्थ नाही. ॲटलासची यादी आडनावाच्या वर्णानुक्रमाने लागते, त्यामुळे वर्षानुवर्षं त्यांचे पेपर 'आद आणि इतर' म्हणून ओळखले गेले. सीएमएसची यादी देशांच्या वर्णानुक्रमाने, म्हणून आर्मेनियातल्या येरेवानची मंडळी सगळ्यांत वर. आपल्याकडच्या बढतीच्या तक्त्यांत 'प्रथम लेखकास अधिक गुण' अशी ओळ दिसली की मला त्या येरेवानच्या शास्त्रज्ञांची आठवण येते. आपल्याकडे ते कुठल्या कुठे पोचले असते.

माझंच सांगते. माझ्या नावावरचा सर्वाधिक सायटेशनचा, म्हणजे इतरांनी सर्वाधिक वेळा संदर्भ दिलेला, पेपर २०१२ चा, हिग्जच्या शोधाचा. त्यात माझ्या वाट्याला आलं होतं डिटेक्टरच्या एका भागाचं कॅलिब्रेशन: कुठल्या चॅनलचा सिग्नल कालच्यापेक्षा किती टक्के उतरलाय हे रोज बघायचं, तक्ता भरायचा, एखादा चॅनल मेला असेल तर खूण करून ठेवायची. रात्रपाळीला पहाटे तीन-साडेतीनला डोळे मिटायला लागले की आलेखाचे रंग एकमेकांत मिसळायचे. काम महत्त्वाचं होतं, त्यात कमीपणा मानत नाही. पण त्या पेपरची हजारो सायटेशन माझ्या कामाची पावती आहेत असं म्हणणं म्हणजे मंडळाला एकवीस रुपये वर्गणी देऊन 'आमचा गणपती' म्हणण्यापैकी आहे. तो आमचा असतोच, पण तेवढ्याच अर्थाने.

आणि ज्याचा मला खरंच अभिमान आहे ते काम कुठे आहे? एका अंतर्गत टिपणात. चाळीस-पन्नास पानांचं, तिघांचं. आमच्या प्रयोगाबाहेरच्या माणसाला ते उघडताही येत नाही. मोठ्या प्रयोगात कोणी काय केलं हे अशा टिपणांत लिहिलेलं असतं, आणि सायटेशन मोजणाऱ्या यंत्रणेला त्यांचा पत्ताच नसतो. सरांबद्दल काही कळायचं तर ते तिथेच कळेल.

आता एच-इंडेक्स. होर्हे हर्श या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ साली ही कल्पना मांडली. तुमच्या किमान तीस पेपरांना प्रत्येकी किमान तीस सायटेशन असतील, आणि एकतीस पेपरांना प्रत्येकी किमान एकतीस असं म्हणता येत नसेल, तर तुमचा एच तीस. हर्शच्या त्या मूळ लेखात एडवर्ड विटनचा एच ११० दिला होता आणि त्याच्या यादीत तो सगळ्यांत वर होता. विटन म्हणजे ज्याला भौतिकशास्त्रज्ञ असून गणितातलं फील्ड्स पदक मिळालं, तो माणूस. आज एलएचसीवरच्या प्रयोगात दहा-बारा वर्षं काढलेल्या तरुण संशोधकाचा एच सहज शंभरच्या वर असतो. म्हणून तो विटनच्या पंगतीला बसला असं आमच्यापैकी कुणीही मानत नाही, तो स्वतः तर नाहीच.

मानतात ते बाहेरचे. एका निवड समितीवर मी होते; संस्था कुठली ते सोडा. कार्यालयातल्या एका हुशार मुलाने सगळ्या उमेदवारांचा तक्ता एच-इंडेक्सप्रमाणे उतरत्या क्रमाने लावून आणला होता. वरचे सात जण एकाच प्रयोगातले, आकडे एकमेकांना खेटून. तळाला एक थिअरीतला मुलगा, बावीस पेपर, त्यातले चार त्याचे एकट्याचे. अध्यक्ष म्हणाले, 'शेवटच्या पाचांवर वेळ नको घालवायला.' आम्ही दोघींनी तक्ता फाडला नाही, फक्त मधोमध कापला: प्रयोगवाले वेगळे, थिअरीवाले वेगळे. मुलगा दुसऱ्या कागदावर पहिला आला. निवड त्याची झाली नाही, ती कारणं वेगळी होती, पण निदान बोलावणं तरी गेलं.

थिअरीत पेपरवर दोन, तीन, चार नावं असतात. एकेका गणिताला महिने लागतात. वर्षाला तीन-चार पेपर म्हणजे चांगली गती. बाईंच्या नव्वद पेपरांचा अर्थ पंचवीसेक वर्षांची नेटाची वाटचाल असा घ्यावा. तीसचा एचही या बाजूला चांगला भक्कम आहे.

आता रोहिणीताईंकडे येते. तुम्ही ते जाता जाता विचारलंत, पण मला वाटतं तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर तिथेच जास्त आहे.

रोहिणी गोडबोले मूळच्या पुण्याच्या. जन्म १९५२ चा, शाळा हुजूरपागा, मग स. प. महाविद्यालय, मग आयआयटी मुंबई, आणि १९७९ मध्ये अमेरिकेत स्टोनी ब्रूकला पीएच.डी. परत येऊन तीन वर्षं टीआयएफआरला. मग १९८२ ते १९९५ मुंबई विद्यापीठात आधी व्याख्याता, नंतर प्रपाठक. १९९५ पासून बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था. २०१९ मध्ये पद्मश्री, २०२१ मध्ये फ्रान्सचा राष्ट्रीय सन्मान. २५ ऑक्टोबर २०२४ ला पुण्यातच गेल्या.

यातली मुंबई विद्यापीठातली तेरा वर्षं वाचक सहसा ओलांडून जातात, कारण त्या नावाला बंगळूरचं वजन नाही. मी तिथे थांबते. त्यांच्या सर्वांत जास्त परिणाम करणाऱ्या कामाची सुरुवात त्याच वर्षांत झाली. तो काळ आठवा. इंटरनेटवरचं अर्काइव्ह, म्हणजे छापून येण्याआधीच्या पेपरांचा (प्रीप्रिंटांचा) खुला साठा, ऑगस्ट १९९१ मध्ये सुरू झालं, तेही आधी थिअरीतल्या एका शाखेपुरतं. त्याआधी ताजं संशोधन म्हणजे पोस्टाने येणारे प्रीप्रिंट. परदेशातली मोठी संस्था आपले प्रीप्रिंट जगभर वाटायची. ते मुंबईत पोचेपर्यंत तिकडे त्यावर दोन चर्चासत्रं झालेली असायची. विद्यापीठात शिकवण्याचे तास, उत्तरपत्रिका तपासणं, सगळं चालूच.

तिथून मानुएल ड्रीस या जर्मन सहकाऱ्यासोबत त्यांनी फोटॉनच्या पोटात शिरायचं ठरवलं. फोटॉन म्हणजे प्रकाशाचा कण, त्याला आत काही नसतं, असं आपण शिकतो. पण पुंजभौतिकीच्या नियमांनी फोटॉन क्षणभर क्वार्क (प्रोटॉन ज्यांचा बनतो ते कण) आणि प्रतिक्वार्क यांच्या जोडीत फुटून परत फोटॉन होऊ शकतो. नेमका त्या क्षणी समोरून प्रोटॉन आला, तर टक्कर फोटॉनची न होता त्याच्या पोटातल्या क्वार्कची किंवा ग्लुऑनची (क्वार्कांना बांधून ठेवणाऱ्या कणाची) होते. हॅम्बुर्गला तेव्हा हेरा नावाचं, इलेक्ट्रॉन आणि प्रोटॉन आदळवणारं यंत्र उभं राहत होतं. त्यात अशा टकरींतून कणांचे फवारे, म्हणजे जेट, मोठ्या प्रमाणावर निघतील, असं या दोघांच्या ऐंशीच्या दशकाअखेरच्या गणितातून दिसत होतं. हेरा १९९२ मध्ये सुरू झालं आणि पहिल्याच वर्षीच्या नोंदींत तिथल्या दोन्ही प्रयोगांना ते दिसलं. जपानच्या ट्रिस्टान यंत्रावरच्या एमी प्रयोगाने दोन फोटॉनांच्या टकरीत तसाच पुरावा १९९२ मध्ये छापला.

पण खरी गंमत पुढच्या पावलात आहे. इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन (इलेक्ट्रॉनचा प्रतिकण) यांची टक्कर घडवणारं पुढचं मोठं यंत्र सरळ रेषेतलं असावं, असं तेव्हा घाटत होतं. गोल फिरवलं तर इलेक्ट्रॉन आपली ऊर्जा प्रकाश फेकण्यात उधळतो, म्हणून सरळ. सरळ रेषेत एक अडचण असते: कणांच्या पुंजक्याला टकरीची एकच संधी मिळते, गोल यंत्रासारखी पुन्हा फिरून येत नाही. मग टकरी वाढवायला पुंजके इतके दाबायचे, की त्यांची उंची काही नॅनोमीटर राहील. अब्जावधी इलेक्ट्रॉन एवढ्या चिमटीत कोंबले की त्यांचं विद्युतक्षेत्र समोरून येणाऱ्या पुंजक्याला वाकवतं आणि तो फोटॉन फेकतो. या प्रकाराला बीमस्ट्रालुंग म्हणतात. यंत्र बांधणाऱ्यांना तो माहीत होताच. त्यांच्या हिशेबी तो ऊर्जेचा अपव्यय होता.

ड्रीस आणि गोडबोले यांनी १९९१ मध्ये फिजिकल रिव्ह्यू लेटर्समध्ये दाखवलं, की हे नुसत्या अपव्ययावर थांबत नाही. ते फोटॉन एकमेकांवर आदळणार, आणि फोटॉनला तर आतून रचना आहे. म्हणजे प्रत्येक वेळी पुंजके एकमेकांतून जाताना, तुम्हाला हवी ती टक्कर होवो न होवो, भोवती हॅड्रॉनांचा (क्वार्कांपासून बनलेल्या कणांचा) केरकचरा उडणार. काही आराखड्यांत तो इतका, की स्वच्छ यंत्र म्हणून ज्याची जाहिरात चालली होती त्याची स्वच्छताच धोक्यात यावी.

आता सायटेशन. एसएलएसी प्रयोगशाळेच्या चेन, बार्कलो आणि पेस्किन या तिघांनी १९९४ मध्ये हाच दर निरनिराळ्या प्रत्यक्ष आराखड्यांसाठी पुन्हा मोजला. त्यांच्या पेपरचा गोषवारा सुरूच होतो तो ड्रीस आणि गोडबोले यांच्या नावाने. थांबून याचा अर्थ बघा. कॅलिफोर्नियातली, प्रत्यक्ष यंत्राशी संबंध असलेली माणसं आपलं काम बाजूला ठेवून, हॅम्बुर्ग आणि मुंबईच्या दिशेने आलेल्या एका इशाऱ्याची शहानिशा करायला बसतात. सायटेशनच्या मोजणीत हे एक. पुढे कुणीतरी प्रस्तावनेत 'पाहा संदर्भ ३ ते ४१' असं लिहून त्यात हाच पेपर घालतं, तेही मोजणीत एकच.

आज सर्नच्या क्लिक या प्रस्तावित सरळ यंत्राच्या आराखड्यात ३ टीईव्ही (३,००० जीईव्ही) ऊर्जेला पुंजक्यांच्या प्रत्येक गाठीत सरासरी ३.२ अशा फोटॉन-फोटॉन हॅड्रॉन घटना धरल्या आहेत, आणि पुंजके अर्ध्या नॅनोसेकंदाच्या अंतराने येतात. डिटेक्टरला किती बारीक वेळ मोजता आली पाहिजे, याच्या अटी ठरवण्यात या केरकचऱ्याचा मोठा हात आहे. त्यावर काम करणारी मुलगी सिम्युलेशनमध्ये हा कचरा मिसळते तेव्हा संदर्भ आराखड्याच्या अहवालाचा देते. १९९१ च्या पेपरपर्यंत मागे जायची तिला गरज पडत नाही. परिणाम वाढत गेला आणि सायटेशन दुसरीकडे वळली, असं हे.

रोहिणीताईंच्या यादीत उलटा प्रकारही सापडतो. एलएचसी आणि सरळ यंत्र यांनी एकमेकांना कसं पूरक व्हावं यावरचा २००६ चा जाडजूड अहवाल आहे, त्याच्या पहिल्या काही नावांत त्या आहेत. असे अहवाल सोयीचे असतात, म्हणून भरपूर उद्धृत होतात. पण कुणी मला त्यांचं काम दाखव म्हटलं तर मी अहवाल दाखवणार नाही. २००६ चाच सौरभ रिंदानी आणि रितेश सिंह यांच्यासोबतचा पेपर दाखवेन. टॉप क्वार्कच्या (सर्वांत जड क्वार्कच्या) विघटनात निघणाऱ्या लेप्टॉनच्या (इलेक्ट्रॉनच्या जातीच्या कणाच्या) दिशेवरून टॉपचं ध्रुवीकरण, म्हणजे त्याच्या गिरकीचा कल, कळतं, आणि विघटनाच्या टोकाला काही नवं भौतिकशास्त्र लपलेलं असलं तरी ही दिशा फारशी बिघडत नाही, असं त्यांनी दाखवलं. प्रयोगवाल्यांना हातात धरता येईल असं हत्यार आहे ते.

आणखी एक, त्यांच्या स्वभावाचा. जुलै २०१२ मध्ये हिग्जची घोषणा झाली तेव्हा दोन फोटॉनांत विघटन होणाऱ्या घटना अपेक्षेपेक्षा जास्त दिसत होत्या. लगेच नव्या कणांचे तर्क सुरू झाले. त्याच आठवड्यात बाग्लिओ आणि जुआदी यांच्यासोबत त्यांनी पेपर टाकला, त्याचा आशय असा: थांबा, आपल्या क्यूसीडीच्या, म्हणजे क्वार्क-ग्लुऑनांच्या सिद्धांताच्या, गणितातली अनिश्चितता नीट धरली तर हा फरक तेवढा मोठा राहत नाही. पुढे जास्त नोंदी आल्या आणि तो फुगवटा बसला. 'नवं काही नसेल' म्हणणाऱ्या पेपराला 'नवं सापडलं' म्हणणाऱ्याइतकं कुणी उद्धृत करत नाही, हे त्यांना लिहितानाही ठाऊक असणार.

याच्या उलट काय होतं ते डिसेंबर २०१५ मध्ये दिसलं. दोन फोटॉनांच्या घटनांच्या आलेखात ७५० जीईव्हीला, नव्या कणाची खूण वाटावा असा एक उंचवटा ॲटलास आणि सीएमएस दोघांनाही अंधुक दिसला. ऑगस्ट २०१६ मध्ये शिकागोच्या परिषदेत तो पुसला गेला, पण त्या आठ महिन्यांत त्यावर पाचशेच्या आसपास थिअरी पेपर पडले होते. पहिल्या आठवड्यात ज्यांनी टाकले त्यांना पुढच्या सगळ्यांनी उद्धृत केलं. नसलेल्या कणावरच्या पेपरांना शेकडो सायटेशन मिळाली आणि ती आजही त्यांच्या लेखकांच्या एच-इंडेक्समध्ये आहेत. तोळ्याने मोजलेलं सगळं सोनं नसतं म्हटलं ते यासाठी. तुमच्या बाईंच्या यादीतही २०१६ चं वर्ष जरा निरखून बघा. एखादा पेपर असेल तर माफ करा, मोह सगळ्यांनाच झाला होता. सहा असतील तर विचार करा.

उशिरा उजाडणारी कामंही असतात. स्टीव्हन वाइनबर्गचा लेप्टॉनांवरचा पेपर १९६७ चा, तीन पानांचा. भौतिकशास्त्रज्ञ सिडनी कोलमन यांनी नंतर त्याची सायटेशन वर्षवार मोजून दाखवली: पहिली तीन वर्षं शून्य, १९७० मध्ये एक, १९७१ मध्ये चार. मग डच भौतिकशास्त्रज्ञ जेरार्ड 'ट होफ्टने असे सिद्धांत गणिती दृष्ट्या टिकतात हे सिद्ध केलं, आणि १९७२ मध्ये ६४, १९७३ मध्ये १६२. वाइनबर्गला १९७९ चं नोबेल. आज या शाखेतल्या सर्वाधिक उद्धृत पेपरांत तो आहे. १९७० साली कुणी तीन वर्षांच्या कामगिरीचा तक्ता मागितला असता तर त्या तीन पानांसमोर भोपळा होता. पीटर हिग्ज यांचं तर विचारूच नका. विभागाने अलीकडच्या पेपरांची यादी मागवली की ते 'काही नाही' एवढंच कळवत, असं त्यांनी स्वतः मुलाखतीत सांगितलं होतं.

आणि भाभा. होमी भाभा यांचा इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनच्या विखुरण्यावरचा पेपर १९३६ चा, केंब्रिजच्या दिवसांतला. त्याला आता 'भाभा स्कॅटरिंग' म्हणतात. सर्नच्या लेप या आधीच्या इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन यंत्रावर दर वेळी किती टकरी झाल्या हे मोजायला हीच प्रक्रिया फूटपट्टी म्हणून वापरली. निसर्गात हलके न्यूट्रिनो (कशाशीही क्वचितच धडकणारे कण) किती प्रकारचे, याचं लेपचं उत्तर वर्षानुवर्षं २.९८४ असं येत होतं, तीनपेक्षा किंचित कमी, आणि त्या किंचितवर बरंच डोकं खाजवलं गेलं. २०१९-२० च्या सुमाराला भाभा विखुरण्याचं गणित आणखी काटेकोर करून आणि पुंजक्यांच्या परस्पर ओढाताणीची दुरुस्ती धरून पुन्हा हिशेब केला, तर आकडा २.९९६ झाला. ते पेपर 'भाभा' हा शब्द पानोपानी वापरतात. १९३६ चा मूळ पेपर संदर्भसूचीत असायलाच हवा असं मात्र कुणाला वाटत नाही. न्यूटनचं नाव घेताना आपण तरी कुठे पान क्रमांक देतो?

आता भाचीला काय करायला सांगायचं ते. आमच्या शाखेची स्वतःची सूची आहे, इन्स्पायर. तिची आई स्पायर्स, एसएलएसीमध्ये १९७४ पासूनची. अमेरिकेतलं पहिलं वेबसंकेतस्थळ डिसेंबर १९९१ मध्ये हिच्यासाठी उभं राहिलं होतं. सर्वसाधारण सूचीपेक्षा कणभौतिकीसाठी हीच विश्वासाची. तिथे दोघांची पानं उघडायची. बाजूच्या पट्टीत लेखकसंख्येची चाळणी आहे, 'दहा किंवा त्याहून कमी' ही खूण करायची. सरांचे अकराशे पेपर बहुधा दोन आकड्यांत येतील. ती यादी वाचायची: परिषदांतली निवेदनं किती, डिटेक्टरवरचे तांत्रिक पेपर किती, आणि शेवटचा कधीचा. तांत्रिक पेपर असतील तर चांगलंच आहे, माणूस हाताने काम करतो. बाईंच्या पानावर स्वतःची सायटेशन वगळण्याची खूण करून बघायची. मग त्यांचे मधल्या फळीतले, चाळीस-पन्नास सायटेशनचे दोन पेपर निवडायचे, आणि ज्यांनी ते उद्धृत केले त्यांतले पाच-सहा उघडून नेमकं ते वाक्य शोधायचं. 'अमुक यांच्या पद्धतीने आम्ही मोजलं' असं असेल तर एक, 'अमुक यांनी केलेल्या गृहीतकाशी आम्ही सहमत नाही' असेल तरी एक, आणि नुसती आकड्यांची माळ असेल तर सोडून द्यायचं. एका रविवारचं काम आहे.

सरांकडे जायचं असेल तर तिने सरांनाच विचारावं: 'गेल्या पाच वर्षांत तुमच्या विद्यार्थ्यांनी कुठल्या विश्लेषणाचं अंतर्गत टिपण लिहिलं, आणि त्यावर संपर्कासाठी कुणाचं नाव होतं?' या प्रश्नाने चांगला प्रयोगवाला खूश होतो. तो फळ्याकडे वळून चित्र काढायला लागला तर त्याच्याकडे जायला हरकत नाही, अकराशे पेपर असले तरी. आणि दोघांच्याही शेवटच्या तीन-तीन विद्यार्थ्यांना मेल टाकायची, मार्गदर्शक मसुदा किती दिवसांत वाचून परत देतात एवढंच विचारायचं.

एक मात्र तुम्ही लिहिलं नाहीत. तिला डिटेक्टर आवडतो की गणित? बाईंचं नाव ती धरून बसली आहे, तर मला वाटतं गणित. तसं असेल तर घरच्यांना सांगा, प्रश्न निम्मा सुटलेलाच आहे.